मूठभर गहू

माझं पोट कधीच दुखलं नाही. हे आधी लिहितो, कारण हा आजार असूनही माहीत नसलेले बरेच जण याच एका गोष्टीमुळे डॉक्टरांपर्यंत उशिरा पोचतात. जुलाब नव्हते, उलट्या नव्हत्या, वजनही फारसं घटलं नव्हतं. चपाती खाल्ल्यावर काहीही होत नव्हतं. गव्हाचा संशय यायला जागाच नव्हती.

जे झालं ते पायांना झालं.

मी हिंगोलीत एका दैनिकाचा वार्ताहर आहे. वय त्रेचाळीस. घरात पत्नी वर्षा आणि नववीत शिकणारी मुलगी ऋतुजा. आई पुसेगावला राहते, आमचं शेत तिथे आहे. मी दारू पीत नाही. हे वाक्य इथे का आलं ते पुढे कळेल.

जिना

पहिली नोंद डिसेंबरची आहे. एका कार्यालयातली बैठक संपवून जिना उतरत होतो. डावा पाय पायरीवर पडायला हवा होता, तो तिच्या कडेवर पडला आणि घसरला. कठडा हाताशी होता म्हणून वाचलो. फेब्रुवारीत मोटारसायकल स्टँडवर लावताना ती माझ्यासकट कलंडली. मार्चमध्ये वहीतलं माझं अक्षर मलाच लागेना. मग जीभ जड झाली. फोनवरून बातमी सांगत होतो, तर नांदेडच्या डेस्कवरचा सहकारी म्हणाला, "दत्ता, परत सांग. काय रे, दुपारीच बसलास का?"

तो हसला. मीही हसलो.

एप्रिलमधल्या एका पत्रकार परिषदेत शेजारच्या माणसाने माझ्या तोंडाजवळ नाक आणलं आणि हुंगलं. त्याने ते लपवलंही नाही. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर शब्द अडखळले असते आणि त्याची खात्रीच पटली असती.

आठवड्याभरात संपादकांचा फोन आला. "महिनाभर रजा घे. इकडे एक केंद्र आहे, चांगली माणसं आहेत. मी बोलून ठेवलंय." पंधरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. त्यांनी मला काहीही विचारलं नव्हतं, परस्पर बोलून ठेवलं होतं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. उठलो असतो तर तोल गेला असता, हेही एक कारण होतं.

घरी वर्षाने माझी बॅग तपासली. मी आंघोळीहून आलो तेव्हा सगळं सामान पलंगावर मांडलेलं होतं: वही, दोन पेन, चार्जर, पाण्याची बाटली. बाटलीचं झाकण उघडं होतं.

"अहो, खरं सांगा. मी चिडणार न्हाई."

"काय सांगू?"

"कुठं पिता ते."

"वास आला का तुला कधी?"

"त्याच्यानंच तर भेव वाटून राहिलं. वास न्हाई, अन् तुमी असे."

खीर

आईचं निदान वेगळं होतं. तिच्या मते मला अशक्तपणा आला होता.

आमच्याकडचं रोजचं अन्न ज्वारीची भाकरी. आईच्या लहानपणी गहू सणाला दिसायचा, नाहीतर जावई आल्यावर. अंगात ताकद आणायची तर गहू, हे तिच्या मनात तेव्हापासून पक्कं आहे. दर आठवड्याला पुसेगावहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती डबा यायचा. त्यात गव्हाची खीर, गव्हाच्या पिठाचे तूप सुटलेले लाडू, हाताच्या शेवया. वर्षानेही भाकरी बंद करून दोन्ही वेळा चपात्या सुरू केल्या होत्या.

"ज्वारीनं काय ताकद येतीय?" आई फोनवर म्हणायची. "गहू खा, लेकरा. डबा संपव."

मी डबा संपवत होतो.

त्या महिन्यांतली एक गोष्ट लिहून ठेवायला हवी. नांदेडच्या रस्त्यावर वारंगा फाट्याला मी नेहमी थांबतो तो चहावाला. माझ्या हातातला कप एकदा हिंदकळून चहा शर्टावर सांडला. पुढच्या वेळी त्याने न विचारता अर्धा कप दिला. तो संपल्यावर आणखी अर्धा. गावभर माझ्याबद्दल काय बोललं जात होतं ते त्याच्याही कानावर असणारच. त्याने एवढंच केलं आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला.

फरशीची रेघ

जुलैमध्ये नांदेडला मेंदूविकारतज्ज्ञाकडे गेलो. डॉक्टरांनी दोन फरशांमधल्या रेघेवरून टाचेला अंगठा लावत चालायला सांगितलं. चार पावलं जमली. पाचव्याला वर्षाने धरलं.

दारूबद्दल डॉक्टरांनी तीनदा विचारलं. दोनदा मी उत्तर दिलं. तिसऱ्यांदा वर्षा म्हणाली, "न्हाई पीत, डॉक्टर. मी बॅग तपासलीय."

डॉक्टर हसले नाहीत. मेंदूचा स्कॅन झाला, रक्त घेतलं. चार दिवसांनी परत बोलावलं. समोर अहवाल होता आणि त्यांनी विचारलं, "चपाती किती खाता?"

मला वाटलं, गप्पा मारतायत.

"सकाळी तीन, संध्याकाळी तीन."

"किती वर्षं?"

वर्षाने सांगितलं, "दोन्ही टायमाला म्हणाल तर पाचेक महिने झाले. पहिले दिवसातून एक टाइम असायची. मीच करून घालते."

मग त्यांनी सांगितलं. कणकेला चिवटपणा देणारा गव्हातला भाग माझ्या शरीराला शत्रू वाटतो. त्याच्याशी लढताना शरीर स्वतःवरच वार करतं. बहुतेकांच्या आतड्यावर ते दिसून येतं, पोट तक्रार करतं. माझं आतडंही आतून खराब झालं होतं; नंतर दुर्बिणीने तपासल्यावर ते दिसलं. पण त्याने कधी आवाज केला नव्हता. वार लहान मेंदूवर झाला होता, जिथून चालण्याचा तोल सांभाळला जातो.

"गोळी?" मी विचारलं.

"गोळी नाही. गहू बंद. कायमचा, पूर्ण. कणभरही नाही."

"मग पाय बरे होतील?"

"जे गेलंय ते सगळं परत येईल असं सांगत नाही. जे राहिलंय ते वाचवायचंय. जितक्या लवकर बंद, तितकं जास्त वाचेल." कागदावर काहीतरी लिहून ते म्हणाले, "आणि तुमची मुलगी, आई, भावंडं, सगळ्यांचं रक्त तपासून घ्या. त्रास असो वा नसो."

खाली औषधाच्या दुकानापाशी वर्षा थांबली. औषध घ्यायचं नव्हतं, तरी थांबली. म्हणाली, "सहा चपात्या. रोज. वरून मी तूप लावून राहिले होते."

ऋतुजाचं रक्त त्याच आठवड्यात तपासलं. काही निघालं नाही. भावंडं मला नाहीत. आईचं राहिलं. राहिलं म्हणजे मीच ठरवलं की नको. ती शेतात जाते, खाते-पिते, पोटाची तक्रार नाही. मीही पोटाची तक्रार नसलेलाच रोगी होतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

बंदोबस्त

सगळ्यांनी सांगितलं, सोपं आहे. आपला ज्वारीचाच मुलूख आहे.

वर्षाने गहू, रवा, मैदा, शेवया घराबाहेर काढल्या. पोळपाट बदललं, तवा नवा घेतला. हिंगाची डबी वाचली तर तिच्यातही गव्हाचं पीठ निघालं. तीही गेली. संपादकांना अहवालाचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "माफ कर." एवढंच. मला ते पुरेसं होतं.

प्रश्न दळणाचा होता. आमच्या गल्लीतल्या गिरणीत दिवसभर गहू दळला जातो. त्याच दगडांतून ज्वारी काढली तर गहू येणारच. आईने तोडगा काढला. पुसेगावला गफूरभाईंची गिरणी आहे. माझ्या लहानपणापासूनची. आईने त्यांना जाऊन सांगितलं. गफूरभाईंनी ऐकून घेतलं आणि सोमवारची सकाळ आमच्यासाठी राखून ठेवली. आदल्या संध्याकाळी ते गिरणी उघडून कुंच्याने दगड झाडायचे. सकाळी आधी स्वतःच्या बकऱ्यांसाठीची ज्वारी काढायचे, म्हणजे आत अडकलेलं सगळं त्यात निघून जावं. मग आमचं दळण. पंधरा दिवसांचं पीठ झाकणाच्या डब्यात भरून हिंगोलीला यायचं.

याहून जास्त काळजी कुणी घेऊ शकतं असं मला वाटत नव्हतं.

दुसरा अहवाल

जानेवारीत रक्त पुन्हा तपासलं. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. शरीराची गव्हाशी चाललेली लढाई मोजणारा आकडा अगदी थोडा उतरला होता. मला फरशीच्या रेघेवर उभं केलं. या वेळी तीन पावलं.

"तुम्ही कुठेतरी खाताय."

"नाही."

"पेशंट असं म्हणतात. बाहेर फिरता, भूक लागते, मी समजू शकतो. पण तुमच्याकडे वेळ नाहीये."

परतीच्या एसटीत वर्षा खिडकीकडे तोंड करून बसली होती. वारंगा फाटा आला तेव्हा तिने विचारलं, "हितं कचोरी खाता का?"

"नाही."

"मग आकडा काहून उतरून न्हाई राहिला?"

वर्षभरात माझ्यावर दुसऱ्यांदा तोच आरोप होता, फक्त पदार्थ बदलला होता. पाय खोटं बोलत नव्हते आणि मीही बोलत नव्हतो.

पुढचे दोन महिने मी तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वहीत लिहिली. चहा, गूळ, शेंगदाणे, औषधी गोळ्या, प्रसादाचे दोन फुटाणे. अक्षर वेडंवाकडं होतं, पण लागत होतं. मसाले बदलले. बाहेरचं पाणीसुद्धा बंद केलं. वर्षाने माझ्यामागून वही तपासली आणि मला ते माहीत होतं. या काळात मी घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालू लागलो. ऋतुजाने मोरीच्या दाराशी एक खुर्ची आणून ठेवली. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

शेवटी वहीत एकच गोष्ट उरली जी रोज होती आणि जी मी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. भाकरीचं पीठ. त्याबद्दल मला जे माहीत होतं ते सगळं ऐकीव होतं. मार्चमधल्या एका सोमवारी पहिल्या गाडीने पुसेगावला गेलो.

गिरणी

गफूरभाईंनी मला पाहून स्टूल पुढे सरकवलं. "बस, दत्तूभाऊ. तकलीफ कशी हाय?"

"आहे तशीच."

बकऱ्यांची ज्वारी काढून झाली होती. दगड झाडलेले होते, ते मी वाकून पाहिलं. जे सांगितलं होतं ते बरोबर तसंच होतं. आई डोक्यावर ज्वारीचं गाठोडं घेऊन आली. पाठीतून वाकलेली असते, तशीच वाकून आली. मला पाहून तिला आनंद झाला. गफूरभाईंनी ज्वारी वरच्या पेटीत ओतली. मोटार सुरू केली.

आईने पदराची गाठ सोडली, मूठ भरली आणि पेटीत टाकली.

"आई, ते काय?"

"गहू."

मला वाटलं, मोटारीच्या आवाजात मी चुकीचं ऐकलं. "काय म्हणालीस?"

"गहू म्हनलं, गहू. मूठभर हाय."

गफूरभाईंनी मोटार बंद केली. पट्टा फिरायचा थांबला.

"काहून टाकलास?" घरची बोली माझ्या तोंडून बऱ्याच वर्षांनी निघाली.

"भाकर जोडून यावं म्हून. जवारी मागल्या सालची हाय, समद्यांनी हळद न सोयाबीन लावून ठेवलंय, नवी जवारी कुठून आणू? जुनीचं पीठ, त्यात पंधरा दिस डब्यात बसून राहतंय. विरी जाती त्याची, चिकटपना राहत न्हाई. वर्षा मन्ली ना फोनवर, आत्याबाई, थापताना भाकर चिरून राहिली. मी मनलं, लेकराला चांगली भाकर भेटाव."

"केव्हापासून?"

"दुसऱ्या खेपेपासून."

"मला गहू बंद आहे, आई."

"मंग? चपाती देऊन राहिले का मी?"

ती खरोखरच विचारत होती. मी गफूरभाईंकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

"मी तर दर खेपेला पाहून राहिलो होतो, दत्तूभाऊ," ते म्हणाले. "जुन्या जवारीत समदेच टाकतात मूठभर. गहू बंद म्हंजे चपाती बंद, मीबी तेच समजलो. दगड घासून घासून माझी बोटं गेली, न वरून हे."

जुन्या ज्वारीत मूठभर गहू टाकतात हे मलाही माहीत होतं. लहानपणापासून पाहिलेलं आहे. मी दगड विचारले, कुंचा विचारला, पहिलं दळण कोणाचं ते विचारलं. मूठ विचारली नाही. आमच्याकडे त्या मुठीला कुणी गहू म्हणतच नाही.

"कणभरही चालत नाही," मी आईला म्हणालो. "कणभरानंही पाय जातात."

टाचा उचलून तिने पेटीत हात घातला आणि ज्वारीतून गव्हाचा एकेक दाणा वेचून काढू लागली.

"राहू द्या, काकू," गफूरभाई म्हणाले.

"थांब. निघून राहिले. निघतील समदे."

दाणे निघत नव्हते. ती वेचत राहिली. मी स्टुलावरून उठलो, तोल सावरला आणि तिचा हात बाहेर काढला. ती ज्वारी बकऱ्यांना गेली.

त्या दिवशी मी तिच्यावर ओरडलो नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. घरी गेल्यावर ओरडलो. "तुला एकदा विचारायला काय झालं होतं?" असं म्हणालो. हिंगोलीत वर्षा म्हणाली, "मी भाकरीचं बोललेच नसते तर." त्या घरात आणि या घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही.

राहिलेलं नाव

नांदेडला डॉक्टरांना मी सगळं क्रमाने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आठ महिने वाया गेले. त्यातलं किती भरून निघेल, सांगता येणार नाही." मग फाइल चाळत विचारलं, "आईची तपासणी केली होती ना?"

मी वर्षाकडे पाहिलं. वर्षाने माझ्याकडे.

"तिला काही त्रास नाही," मी म्हणालो.

"वय?"

"अडुसष्ट."

"हाड मोडलंय कधी?"

मनगट दोनदा. एकदा बांधावरून उतरताना, एकदा घरातच पाटाला अडखळून. पाठ वाकलेली. रक्त कमी म्हणून वर्षानुवर्षं लाल गोळ्या, ज्या कधीच लागू पडल्या नाहीत. मी हे सांगत गेलो, आणि सांगताना शेवटच्या वाक्यापर्यंत माझा आवाज मलाच अनोळखी वाटू लागला. हे सगळं मला माहीत होतं. एकाही गोष्टीसाठी मी कधी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. पहिलं मनगट मोडलं तेव्हा ती पन्नाशीची होती.

आईचा अहवाल पुढच्या आठवड्यात आला. नंतर दुर्बिणीची तपासणी झाली. तिलाही हाच आजार आहे. तिच्यात त्याने हाडं आणि रक्त धरलं, माझ्यात तोल. पोट दोघांचंही गप्प.

डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे दत्ताला माझ्याकडून आलं?"

"तसं दोष देण्यासारखं काही नसतं, मावशी."

"दोष न्हाई इचारून राहिले. आलं का?"

"कल तुमच्याकडून आला असावा. हो."

बाहेर बाकावर बसल्यावर ती बराच वेळ हातातली पिशवी नीट करत होती. "लहानपनी चपातीसाठी रडायचो आमी," ती म्हणाली. "पाव्हणा आला तरच भेटायची. रेशनवर गहू सुरू झाला तवा वाटलं, आता चांगले दिस आले. मी तर दोन घास जास्तच खाल्ले." मग वर्षाकडे वळून, "तुमचं बरं हाय बाई. एका घरात दोन-दोन पथ्यं."

वर्षा हसली. वर्षभरात आम्ही तिघं एकत्र हसलो ते तिथे, त्या बाकावर.

आज

त्याला आता वर्ष होत आलं. आकडा उतरला आहे. फरशीच्या रेघेवर मी नऊ पावलं चालतो. वळताना भिंत लागते. मोटारसायकल विकली. अक्षर सुधारलं, जीभ बरीच सुटली. बाकी जे आहे ते असंच राहील असं डॉक्टर म्हणतात. आईची पाठ सरळ होणार नाही, पण लाल गोळ्या आता लागू पडतात. भाकरी चिरते. वर्षा पिठात कढत पाणी घालते आणि जशी येईल तशी वाढते.

हे वाचणाऱ्या कुणाला हा आजार सांगितला गेला असेल, तर घरात काय बंद केलं याची यादी पुन्हा पाहावी. जे आपल्याकडे खाण्यात मोजलंच जात नाही, ते त्या यादीत नसतं. आणि आईचं रक्त तपासावं.

गेल्या सोमवारी मी पुसेगावच्या गिरणीत होतो. आई आता दळण टाकण्याआधी दोन्ही हात पुढे करते, तळवे उघडून गफूरभाईंना दाखवते. ते वाकून पाहतात, मान हलवतात, मगच मोटार सुरू करतात. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, थट्टा चाललीय. दोघांपैकी कुणीच हसत नव्हतं.

पीठ पडू लागल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"दत्ता, एक इचारू?"

"विचार."

"माझ्या मुठीनं तुझं किती गेलं रे?"

डॉक्टरांचं वाक्य मला शब्दशः पाठ आहे. त्याचे दोन भाग आहेत, पहिला वाया गेलेल्या आठ महिन्यांचा. पंचवीस वर्षं बातम्या लिहिल्या, अर्धं वाक्य कधी छापलं नाही.

"डॉक्टर म्हणाले, सांगता येणार नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि पिठाचा डबा सरळ केला.